मंडपाच्या जागेवर कबड्डीचं मातीचं मैदान: जानेवारीच्या स्पर्धेआधी काय काय करावं लागेल?

कृष्णाकाठ
नमस्कार. सांगलीजवळच्या आमच्या वस्तीत मंडळाची मोकळी जागा आहे. ७० फूट लांब, ५२ फूट रुंद. गणपती आणि नवरात्राचा मंडप तिथंच पडतो, त्यामुळे बांबूचे पंचवीस-तीस खड्डे आहेत. खाली काळी माती, वर कधीकाळी टाकलेला मुरूम. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पुरुषांचे १६ आणि महिलांचे ८ संघ बोलवायचे ठरतंय. मॅट भाड्याने आणायची नाही, मातीवरच खेळवायचं आहे. माती किती, कुठली, आखणी कशी, दिवे कसे, सामने किती दिवसांत बसतील, सगळंच विचारतोय. जाणत्यांनी मोजमापासकट लिहा.

गिट्टीमुरूम
आधी जागेचं गणित. ७० बाय ५२ फूट म्हणजे साधारण २१.३ बाय १५.८ मीटर. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, राखीव क्षेत्र (दोन्ही बाजूंचे पट्टे) धरून. चारही बाजूंना २-२ मीटर मऊ माती हवीच, कारण पकडीत अडकलेला चढाईपटू रेषेवर थांबत नाही, चार-पाच जणांसकट बाहेर जातो. म्हणजे माती १७ बाय १४ मीटरवर, २३८ चौरस मीटर. दोन्ही टोकांना बाद झालेल्या गड्यांच्या बैठकीची पट्टी अंतिम रेषेपासून २ मीटरवर असते, ती तुमच्या जागेत बरोबर माती संपते तिथं बसते. जागा पुरते.

काळी माती तशीच ठेवून वर लाल माती पसरू नका. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि रोज पाणी मारणार म्हटल्यावर हे रोज होणार. वरचा १५ सेंटीमीटर थर उचला, खाली १० सेंटीमीटर मुरूम दाबून घ्या, वर ५ सेंटीमीटर चाळलेली माती.

मुरूम: २३८ × ०.१० = २३.८ घनमीटर. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणजे दाबलेला ८.४ ब्रास. सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून पाव हिस्सा जास्त धरून साडेदहा ब्रास मागवा. ट्रॉलीवाल्याच्या शब्दावर ब्रास मोजू नका. टेपने ट्रॉलीची आतली लांबी, रुंदी आणि भरलेली उंची फुटांत घ्या, गुणाकार करा, १०० ने भागा. माती-मुरूम गौण खनिजात मोडतात, तेव्हा वाहतुकीचा परवाना आणि रॉयल्टीची पावती पुरवठादाराकडून हातात घेऊनच गाडी रिकामी करा.

जांभा
गिट्टीमुरूम यांचं बाकी सगळं पटलं, पण वर फक्त ५ सेंटीमीटर माती कबड्डीला कमी आहे. दाबलेला मुरूम जवळपास रस्त्यासारखा कडक होतो. मांडी धरून खाली आणलेला गडी कोपरावर किंवा खांद्यावर पडतो, आणि ५ सेंटीमीटर भुसभुशीत माती त्या जागी दबून २-३ सेंटीमीटरच उरते. खेळाच्या १३ बाय १० मध्ये १० सेंटीमीटर माती हवी. बाहेरच्या पट्ट्याला ५ चालेल.

हिशेब असा. आत १३० चौरस मीटर × ०.१० = १३ घनमीटर. बाहेर १०८ चौरस मीटर × ०.०५ = ५.४ घनमीटर. मिळून १८.४ घनमीटर, म्हणजे साडेसहा ब्रास दाबलेली, सुटी आठ ब्रास. आतला भाग ५ सेंटीमीटर जास्त खोल खणून मुरूम तिथं खाली बसवा, म्हणजे वरची पातळी सगळीकडे एकच येते.

माती कुठली? आमच्या कोकणात जांभ्याची लाल माती आयती मिळते, ती चाळली की काम झालं. तुमच्याकडे डोंगरउताराची तांबडी माती बघा. ओळखायला सोपं: ओल्या मातीची सुरळी वळा. पेन्सिलीएवढी लांब, न तुटता वळली आणि हाताला चिकटत राहिली तर चिकणमाती जास्त, वाळल्यावर वीट होणार. वळतच नसेल तर रेती जास्त, पाय सरकणार. बोटाएवढी वळून मग मोडते ती माती घ्या.

चाळण ४-५ मिलिमीटरची. माती कोरडी असतानाच चाळा, ओली चाळणीवर लगदा होते. चाळलेल्या १० भाग मातीत १ भाग लाकडाचा बारीक भुसा मिसळा. भुसा वखारीतला, साध्या लाकडाचा. प्लायवूड कापलेल्या दुकानातला नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात आणि घामेजलेल्या अंगाला ती चावतात. भुसाही चाळायचा, त्यात लाकडाच्या सळ्या आणि खिळे सापडतात. माती जड वाटली तर थोडी बारीक नदीची रेती मिसळा, पण खडी फोडून केलेली कृत्रिम वाळू मुळीच नको. तिचे कण धारदार असतात, गुडघ्याची साल काढतात.

कृष्णाकाठ
जांभादादा, आभारी आहे. खड्डे आणि खिळ्यांचं काय? मंडपवाले खिळे, तारा, बांधायच्या पट्ट्या सगळं तिथंच टाकून जातात. आणि आमच्याकडचे जुने खेळाडू म्हणतात मातीत शेण मिसळल्याशिवाय मैदान बसत नाही. मिसळावं का?

गिट्टीमुरूम
खड्डे एकदम भरू नका. आत माती ओतून वरून पाय दिला की वरचे १० सेंटीमीटर बसतात, खाली पोकळ राहतं, आणि पहिल्याच पाण्याला खड्डा पुन्हा उघडतो. नेमका तिथंच कुणाचा तरी घोटा मुरगळतो. आधी खड्ड्यातली सैल माती, कुजलेला बांबू, काथ्या काढा. मग १० सेंटीमीटर मुरूम, थोडं पाणी, धुमस (जड ठोकणीने ठोकून घ्या). पुन्हा १० सेंटीमीटर, पाणी, धुमस. दोन फुटांच्या खड्ड्याला असे सहा थर होतात. कंटाळवाणं काम आहे पण यातच मैदान ठरतं.

खिळ्यांसाठी जुन्या स्पीकरचे दोन-तीन लोहचुंबक एका आडव्या पट्टीला बांधा आणि जमिनीपासून बोटभर उंचीवर धरून सगळी जागा उभी-आडवी फिरा. एकदा उकरण्याआधी, एकदा उकरल्यावर, एकदा माती पसरून झाल्यावर. काचेला चुंबक लागत नाही. त्यासाठी सकाळी उन्हं तिरपी असताना चार जणांनी एका ओळीत वाकून चालायचं, चमकते ती काच.

परिचारिका_पुणे
शेण मिसळू नका, अशी कळकळीची विनंती. धनुर्वाताच्या जंतूंची बीजं जनावरांच्या शेणात आणि शेणखत पडलेल्या मातीत असतात. ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात. कबड्डीत कातडी सोलणं हे अपवादाने होत नाही, प्रत्येक सामन्यात होतं. खुल्या जखमेत हीच माती जाणार.

शेण घाला अथवा न घाला, मातीवर खेळणाऱ्या प्रत्येकाचं धनुर्वाताचं इंजेक्शन चालू असायला हवं. दर १० वर्षांनी बूस्टर लागतो. माती भरलेली जखम झाली आणि शेवटच्या डोसला ५ वर्षांपेक्षा जास्त झाली असतील, तर डॉक्टरांना दाखवून तेव्हाच पुन्हा घ्यायचं. संघांच्या प्रवेशअर्जावर ‘शेवटचा धनुर्वात डोस: वर्ष’ असा रकाना ठेवा. तेवढ्याने निम्मे खेळाडू आधीच आरोग्य केंद्रात जाऊन येतील.

हुतूतू
ताई, तुमचं म्हणणं मानतो, पण शेणाचं कारण लोकांना माहीत असावं म्हणून लिहितो. नियमावलीतच मातीच्या मैदानासाठी माती, खत आणि लाकडाचा भुसा असं मिश्रण सांगितलेलं आहे. शेणातला न पचलेला काडीकचरा मातीला धरून ठेवतो, म्हणून धूळ उडत नाही आणि भेगा पडत नाहीत. अंगण सारवतात त्याच कारणाने. म्हणजे जुने खेळाडू काही चुकीचं सांगत नाहीत.

मात्र तेच काम भुसा करतो. दोन्ही हवेतच असं नाही. शेणाचा सडा घालायचाच असेल तर तो मैदानाबाहेर, प्रेक्षक उभे राहतात त्या पट्ट्यात घाला. धूळ खरी तिथूनच उठते, शेकडो पाय तिथं हलत असतात. खेळाच्या जागेत भुसाच बरा.

निदानरेषा
आखणीवर सविस्तर लिहितो, कारण बहुतेक वाद इथंच पेटतात.

पुरुष: १३ × १० मीटर. मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईत निदान ही तरी ओलांडावीच लागते) ३.७५ मीटर, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा (ओलांडल्यास जादा गुण) म्हणजे मध्यरेषेपासून ४.७५, आणि अंतिम रेषा ६.५०. दोन्ही बाजूंना १-१ मीटर राखीव क्षेत्र, म्हणजे झटापट सुरू होण्याआधी खेळायला मधले ८ मीटर.
महिला: १२ × ८ मीटर. निदान रेषा ३, बोनस ४, अंतिम रेषा ६ मीटर. राखीव क्षेत्र १-१ मीटरच, मधे ६ मीटर.
रेषेची रुंदी ३ ते ५ सेंटीमीटर. रेषा मैदानाचाच भाग असतात, म्हणून १३ आणि १० ही मापं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत घ्या. आतून मोजलं तर मैदान दोन्हीकडून रेषेच्या रुंदीएवढं वाढतं.

टेप लोखंडी वापरा. कापडी टेप ओढला की ताणतो आणि १३ मीटरवर दोन-तीन बोटं सहज चोरतो. आधी मधोमध मध्यरेषा ताणा, १० मीटर, दोन्ही टोकांना खुंट्या. तिथून काटकोनात ६.५० मीटर दोन्हीकडे. काटकोन नजरेने धरू नका, कर्ण मोजा. पूर्ण मैदानाचा कर्ण १६.४० मीटर यायला हवा, अर्ध्या मैदानाचा ११.९३. महिलांच्या मैदानाचा पूर्ण कर्ण १४.४२. दोन्ही कर्ण सारखे नसतील तर मैदान तिरकं आहे, मग बाजू बरोबर असल्या तरी उपयोग नाही. सगळं जुळलं की चारही कोपऱ्यांत आणि मध्यरेषेच्या दोन टोकांना लाकडी खुंट्या मातीच्या पातळीखाली चार बोटं ठोकून गाडा. उद्या रेषा पुसली तरी खुंटी उकरून पाच मिनिटांत पुन्हा आखता येते. लोखंडी सळई गाडू नका, माती उडाली की ती डोकं वर काढते.

पुरुष आणि महिला अशा दोन आखण्या एकावर एक करू नका. निदान रेषा ३.७५ ला आणि दुसरी बोनस ४ ला, पाव मीटरचंच अंतर. पळत्या पायाकडे बघणाऱ्या पंचाला कुठली रेषा ओलांडली हे कळणं अशक्य आहे.

फक्कीवाला
एक मोठी सूचना. रेषांना कळीचा चुना वापरू नका. तो पाण्याशी तापतो, डोळ्यात गेला तर डोळ्याचं कायमचं नुकसान करू शकतो. कबड्डीत तोंड रेषेवर घासलं जाणारच. खडूची भुकटी किंवा रांगोळीची पांढरी भुकटी घ्या. रांगोळी जाडसर असते, वाऱ्याने कमी उडते. दोन दोऱ्या ५ सेंटीमीटरवर ताणून मधे भुकटी टाकायची, वरून हलकं पाणी शिंपडायचं, म्हणजे ती मातीला धरते. प्रत्येक सामन्यानंतर मध्यरेषा आणि दोन्ही निदान रेषा पुन्हा भराव्या लागतात. बाकीच्या दोन सामन्यांतून एकदा भरल्या तरी चालतात. सुती पट्टी खिळ्यांनी ठोकून रेषा करणारे आहेत, पण पट्टी एकदा उचकटली की पायात अडकते आणि खिळा मोकळा होतो. भुकटीच बरी.

वहिनी_मिरज
हे मैदान झालं की तिथंच शाळकरी मुलांचा खो-खो बसवता येईल का? दोन खांब रोवले की झालं ना?

निदानरेषा
वहिनी, मोठ्यांचा खो-खो नाही बसणार. पूर्ण मैदान २७ × १६ मीटर लागतं. मधली पाटी २४ मीटर: ३५ सेंटीमीटरच्या ८ आडव्या पाट्या म्हणजे २.८० मीटर, त्यांच्यामधली २.३० मीटरची ७ अंतरं म्हणजे १६.१०, आणि दोन्ही खांबांपासून पहिल्या पाटीपर्यंत २.५५ प्रमाणे ५.१०. बेरीज बरोबर २४. खांबांमागे दीड-दीड मीटर मोकळं क्षेत्र. तुमची जागा २१.३ मीटर लांब आहे. मुलांना सराव म्हणून ६ पाट्यांचं छोटं मैदान आखून देता येईल, त्याला मधली पाटी १८.७० मीटर लागते. पण खांब कबड्डीच्या मातीत कायमचे रोवू नका, जमिनीत पाइपचा तुकडा बसवून त्यात खांब उभा करा, आणि काढल्यावर पाइपला झाकण लावून वर माती ओढा.

जांभा
आता पाणी. माती चांगली असूनही मैदान बिघडतं ते पाण्यानं.

माती पसरल्यावर पहिले आठ दिवस रोजचा क्रम एकच: संध्याकाळी पाणी, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी दंताळ्याने वरचे ३ सेंटीमीटर मोकळे करायचे, हाताचा रोलर उभा-आडवा फिरवायचा. म्हणून काम स्पर्धेआधी किमान २० दिवस पुरं करा. चार दिवस आधी माती टाकून खेळवलं की पहिल्याच संध्याकाळी मध्यरेषेजवळ पायांनी उकरलेला चर पडतो.

किती पाणी? २३८ चौरस मीटरवर ३ मिलिमीटर म्हणजे ७०० लिटरच्या आसपास. टँकर उभा करून पाइप मोकळा सोडलात तर त्याच्या दसपट पाणी एका जागी पडतं आणि तिथं चिखल, बाकी कोरडं. पाइपच्या तोंडाला झारी लावा आणि मागे मागे सरत पाणी मारा, भिजल्या मातीवर पाय नको.

सामन्याआधीची परीक्षा: मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. पडून तीन-चार तुकडे झाले तर मैदान तयार. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, पाय रुतणार आणि गुडघा पिळवटणार. वळलाच नाही तर धूळ उडणार. सहाला पहिला सामना असेल तर पाणी दुपारी दोन-अडीचला मारून टाका. दोन सामन्यांच्या मध्ये पाणी मारायचा मोह आवरा. वरचं बोटभर ओलं आणि खाली कोरडं, असा थर सर्वांत निसरडा. मध्ये फक्त दंताळं आणि फळी फिरवा. धूळ फारच उडाली तर झारीने हलका फवारा, तोही मैदानाबाहेर.

जानेवारीत रात्री नऊनंतर दव पडतं. त्यामुळे शेवटच्या सामन्याला माती आपोआप ओलसर होते. दुपारचं पाणी त्या हिशेबाने थोडं कमीच.

वायरमन
पाणी मारणार म्हटलंत म्हणून आधी विजेचं. जमिनीवर एकही जोड नको. वायर खांबावरून, डोक्यावरून न्या. बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग असलंच पाहिजे. रस्त्याच्या दिव्यावरून आकडा टाकून काम भागवू नका, वीज कंपनीकडून तात्पुरती जोडणी मिळते.

दिवे: चार कोपऱ्यांना चार खांब, प्रत्येकी दोन एलईडी फ्लडलाइट २०० वॉटचे. एकूण १६०० वॉट, म्हणजे ७ अँपिअर. उंची २२ ते २५ फूट. १२-१५ फुटांवर लावले की चढाईपटूच्या नजरेत थेट प्रकाश येतो आणि मागून येणारी पकड त्याला दिसत नाही. दिवा समोरच्या निदान रेषेच्या मध्यावर रोखा, म्हणजे प्रत्येक जागेवर दोन बाजूंनी उजेड येतो आणि सावली फिकी पडते. खांब जागेच्या अगदी कडेला, आणि बुंध्याला माणसाच्या उंचीपर्यंत जुनी गादी गुंडाळून घट्ट बांधा.

गुणलेखक
कृष्णाकाठ, सामन्यांचं गणित मांडतो. १६ संघ बाद पद्धतीने म्हणजे १५ सामने, ८ संघ म्हणजे ७.

पुरुष २०-५-२० मिनिटं, ४५. प्रत्येक संघाला प्रत्येक डावात अर्ध्या मिनिटाचे दोन टाइमआउट, सगळे घेतले तर ४ मिनिटं. मैदान सारखं करायला आणि रेषा भरायला १०. तासाला एक सामना धरा. सहा ते दहा, रोज चार. पहिली फेरी दोन संध्याकाळ, उपउपांत्य तिसरी, उपांत्य आणि अंतिम चौथी. महिला १५-५-१५, सगळं धरून ५० मिनिटं. चार सामने पहिल्या संध्याकाळी, दोन उपांत्य आणि अंतिम दुसऱ्या संध्याकाळी. महिलांच्या दोन संध्याकाळी आधी घ्या, मग आखणी एकदाच बदलावी लागते. एकूण सहा संध्याकाळी.

शेवटच्या दिवशी उपांत्य सामने पाच आणि सहाला लावा, अंतिम सव्वाआठला. दुसरा उपांत्य जिंकणाऱ्या संघाला तास-सव्वा तास विश्रांती मिळालीच पाहिजे. बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांच्या सोयीने दोन्ही एकापाठोपाठ लावतात. थकलेल्या पायांनी खेळवलेला अंतिम सामना बघवत नाही, आणि दुखापतीही त्यातच होतात.

एका सामन्याला एक सरपंच (मुख्य पंच), दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहाय्यक गुणलेखक लागतात. म्हणजे दोन फळ्या धरून १२ माणसं. जिल्हा संघटनेला महिनाभर आधी पत्र द्या. आणि हे आधीच छापील द्या: वजन पुरुष ८५ किलोपर्यंत, महिला ७५ किलोपर्यंत, काटा कुठे आणि किती वाजता, बोनस समोर सहा किंवा जास्त बचावपटू असतानाच, तिसरी चढाई निर्णायक (दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण नाही मिळाला तर चढाईपटू बाद) धरणार की नाही, बरोबरी झाली तर ५-५ चढाया. लोणचे (समोरचा सगळा संघ बाद केल्याचे) २ गुण सगळ्यांना माहीत असतात, वाद होतो तो तिसऱ्या चढाईवर. २०१४ पासून प्रो कबड्डी टीव्हीवर बघून पोरं ते नियम गृहीत धरून येतात, आणि स्थानिक स्पर्धा जुन्या नियमांनी चाललेली असते.

परिचारिका_पुणे
प्रथमोपचाराच्या टेबलावर हे ठेवा: २० लिटर पिण्याचं स्वच्छ पाणी फक्त जखमा धुवायला, साधा साबण, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, क्रेप बँडेज ४ आणि ६ इंची, हातमोजे, बर्फ थर्मासच्या डब्यात.

सोललेली जागा वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायची, माती पूर्ण निघेपर्यंत. हळद, माती, टूथपेस्ट काही लावायचं नाही. मुरगळल्यास बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, थेट कातडीवर नाही. निखळलेलं बोट किंवा खांदा मैदानावर ओढून बसवायचा नाही. ‘आमच्याकडे एक जण बसवतो’ असं म्हणणारा प्रत्येक मैदानावर भेटतो, त्याला हात लावू देऊ नका, मज्जातंतू किंवा रक्तवाहिनी दुखावते. डोक्याला मार लागून गडी गोंधळला, उलटी झाली, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागला, तर त्या दिवसाचा खेळ संपला आणि लगेच रुग्णालय. पडलेला दात मुळाला हात न लावता दुधात टाकून तासाभरात दंतवैद्याकडे. १०८ ची गाडी आत येईल एवढी वाट दुचाकींनी अडवू देऊ नका, ती वाट दोरीने आखून ठेवा.

गिट्टीमुरूम
प्रेक्षकांचं राहिलं. बांबू आणि फळ्यांची गॅलरी बांधणार असाल तर पुन्हा विचार करा. २२ मार्च २०२१ ला तेलंगणातल्या सूर्यापेटला कुमार गटाच्या राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत गॅलरी कोसळली आणि शंभरावर लोक जखमी झाले. लोक बसलेले असताना भार स्थिर असतो, पण शेवटच्या चढाईला सगळे एकदम उभे राहून नाचतात, तेव्हा बांधणी बाजूला कलते. उभा भार पेलणारे खांब असतात, कैचीचे आडवे-तिरपे बांबू मात्र पैसे वाचवायला गाळलेले असतात. तुमच्या जागेला गॅलरी नकोच. पुढच्या दोन रांगा सतरंजीवर, त्यामागे खुर्च्या, त्यामागे उभे. दोरी मातीच्या कडेपासून हातभर मागे.

उपसंपादक
वर्तमानपत्राचं कुणी लिहिलं नाही म्हणून. स्थानिक पानावर वस्तीतल्या स्पर्धेला जागा मिळते, पण मजकूर येतो तोच असा की छापता येत नाही. ‘मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन’ यात दोनशे शब्द आणि निकाल शेवटच्या ओळीत. उलटं करा. पहिल्या वाक्यात कोण जिंकलं, कुणाला हरवलं, किती गुणांनी. दुसऱ्यात मध्यंतराचा गुणफलक. तिसऱ्यात सामना कुठं फिरला: लोण कितव्या मिनिटाला, कुणाच्या चढाईत. चौथ्यात दोन्हीकडचा एक चढाईपटू आणि एक पकडपटू, पूर्ण नावासकट. मग बाकीचे निकाल एकेका ओळीत. पाहुणे शेवटी.

उदाहरण: ‘पुरुष गटाच्या अंतिम सामन्यात अमुक संघाने तमुक संघावर ३१-२८ अशी मात केली. मध्यंतराला विजेते १२-१७ असे पिछाडीवर होते.’ एवढ्यात वाचणाऱ्याला सामना दिसतो. हे लिहायला गुणलेखकाशेजारी एक मुलगी किंवा मुलगा वही घेऊन बसवा, लोण आणि मोठ्या चढाईची वेळ टिपायला. नुसत्या गुणपत्रिकेवरून रात्री हे शोधत बसावं लागतं. नावं खेळाडूंकडून मराठीत लिहून घ्या. इंग्रजी यादीवरून ‘काळे’चे ‘काले’ होतात आणि घरच्यांना कात्रण जपून ठेवावंसं वाटत नाही.

फोटो चषक देतानाचा नको, पकडीचा द्या. ओळीत उभ्या संघाचा असेल तर डावीकडून नावं. अंतिम सामना रात्री संपणार असेल तर वार्ताहराला दुपारीच सांगून ठेवा, आणि उपांत्य सामन्यांचा मजकूर आठच्या आत पाठवा, निकालाची एक ओळ मागून जोडता येते.

वहिनी_मिरज
आणखी एक. ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद म्हणजे बंद, तसा नियमच आहे. पण दहाच्या आतही कर्णे घरांकडे रोखू नका. दोन छोटे स्पीकर मैदानाकडे तोंड करून खाली लावले की पंचाचा निर्णय ऐकू येतो आणि दहावीच्या मुलांचा अभ्यासही होतो. परवानगीच्या अर्जाबरोबर आजूबाजूच्या घरी वेळापत्रकाचा एक कागद द्या, त्यावर मंडळातल्या एकाचा फोन नंबर. आणि सहा संध्याकाळी महिला खेळाडू येणार, तर कपडे बदलायला कडी लागणारी खोली आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह कुठल्या घरात किंवा शाळेत मिळेल हे आजच ठरवा. मांडवाचा पडदा लावून ते काम होत नाही.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. वहिनी, शाळेच्या दोन खोल्यांसाठी उद्याच अर्ज देतो. ठरलेलं असं: मुरूम साडेदहा ब्रास, माती आठ ब्रास, भुसा दहाला एक, शेण नाही. खड्डे या रविवारपासून. डिसेंबरच्या २५ तारखेपर्यंत माती पसरून पुरी. महिलांचे सामने आधी. गॅलरी रद्द.

शेवटचं विचारतो. स्पर्धा संपल्यावर या मातीचं काय करायचं? अवकाळी पाऊस आला तर? आणि पुढच्या गणपतीत पुन्हा मंडप पडणारच.

जांभा
पावसाचा अंदाज दिसला तर ताडपत्री. पण ती सपाट पसरली तर पाणी मधे साचून झिरपतं. मधोमध मध्यरेषेवर बांबू आडवा ठेवून वरून ताडपत्री टाका, दोन्हीकडे उतार मिळतो. पाऊस थांबला की लगेच काढा, खाली माती घुसमटून शेवाळते. चारी बाजूंनी वीतभर चर असला तर वाहून येणारं पाणी आत शिरत नाही.

मेअखेर वरची मऊ माती फावड्याने ओढून कडेला ढीग करा आणि झाका. मुरुमाचा थर तसाच राहू दे, त्याला पावसाने काही होत नाही. मंडपवाल्याला आधीच सांगा, खांब १३ बाय १० च्या बाहेर. तुमच्या जागेत लांबीला दोन्हीकडे चार-चार मीटर आणि रुंदीला जवळजवळ तीन-तीन मीटर आहेत, बसतं. खांबांसाठी तिथं कायमचे पाइप बसवून घेतलेत तर दर वर्षी नवे खड्डे पडणारच नाहीत.

गिट्टीमुरूम
पाइप ४ इंची, दोन फूट खोल, तळाला मुठीएवढे दगड म्हणजे पाणी निथळतं. वरचं तोंड जमिनीखाली तीन बोटं, आणि झाकण लोखंडी. प्लास्टिकचं झाकण उन्हाने तडकतं. आता खड्डे भरायला घेणारच आहात, तर कडेचे जे खड्डे मैदानाबाहेर पडतात ते भरू नका, त्यातच पाइप बसवून टाका. रविवारी माप घ्यायला बसाल तेव्हा प्रत्येक खड्ड्याचं अंतर कोपऱ्याच्या खुंटीपासून लिहून इथं टाका, कुठले भरायचे आणि कुठले ठेवायचे ते सांगतो.